थांबाताई आणि दोन सेकंदांचं भगदाड

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. मला तेव्हा बासष्टावं चालू होतं आणि तोवर माझ्या तोंडासमोर पंजा धरून मला कुणी गप्प केलं नव्हतं. ते काम कुपवाडच्या एका बाईनं केलं, तेही माझ्या पहिल्याच वाक्याच्या मध्यात. मी म्हणालो, "आवं ताई, ही कॅसेट..." आणि ताईंनी माझ्याकडं न बघताच हात वर केला. "थांबा." झेरॉक्ससाठी आलेले दोन कामगार आधीच जागच्या जागी थिजून उभे होते. मला वाटलं कुणी वारलं असावं, म्हणून मीही डोक्याचा पटका सारखा केला आणि मान खाली घातली. बऱ्याच वेळानं टेबलावरच्या डब्यातून एक कप्पा सरकन बाहेर आला. त्यात एक चकचकीत तबकडी होती. ताईंनी श्वास सोडला, कामगारांनी सोडला, मग मीही सोडला. "हां, बोला मामा," त्या म्हणाल्या. "सीडी लिहीत होते. मध्ये धक्का लागला की वाया जाते."

सगळं कुपवाड त्यांना ताईच म्हणायचं. थांबाताई हे नाव माझं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर कधी घेतलं नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण तेवढी अक्कल तिसरीतही मिळते. दुकान म्हणजे कारखान्यांच्या रस्त्याला लागून एक पत्र्याचा गाळा. बाहेर कामगारांच्या मोपेडी आणि सायकली, आत झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर, बुद्धाची वीतभर मूर्ती आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात 'चपला बाहेर काढा'. देऊळ सोडलं तर कुणासाठी मी वहाणा काढल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मी त्या काढल्या नाहीत. ताई नुसत्या माझ्या पायांकडं बघत बसल्या. माझं काम सुरूच होईना, तेव्हा काढल्या.

माझं काम साधं होतं, असं मला वाटत होतं. माझा थोरला भाऊ, त्याला सगळे दादाच म्हणायचे, आमच्या जतकडच्या गावात धनगरी ओव्या सांगायचा. आमच्या ओवीत एकजण ओवी टाकतो आणि दुसरा ती झेलतो. दादा टाकायचा, मी झेलायचो. शेवटचा शब्द दादाच्या तोंडातून सुटायच्या आत तो माझ्या तोंडात पाहिजे, मध्ये वारासुद्धा शिरता कामा नये. आमच्याइतका बिनफटीचा झेल त्या मुलखात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे मी सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही.

आदल्या थंडीत दादाला लकवा मारून गेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मागे राहिली ती एक कॅसेट, बिरोबाच्या जत्रेत आम्ही दोघं शेवटचं गायलो ती. घरच्या टेपनं ती एकदा गिळली होती आणि मी पेन्सिल घालून कशीबशी सोडवली होती. दादा पडल्या पडल्या डाव्या हातानं टेपकडं बोट करायचा. त्याला स्वतःचा आवाज ऐकायचा होता. मला लावायची भीती वाटायची. पुन्हा गिळली तर आवाज कायमचा गेला, आणि दादा तरी किती दिवसांचा, कुणी सांगावं? माझा मुलगा कुपवाडला फौंड्रीत होता. तो म्हणाला, "त्याची सीडी करून घ्या, प्लेअर मी देतो गावाकडं न्यायला." म्हणून मी त्याच्या खोलीवर येऊन राहिलो आणि ताईंच्या पंजासमोर उभा राहिलो.

ताईंनी कॅसेट हातात घेतली आणि आधी तिचा वास घेतला. बुरशी आली असली तर नाकाला कळतं म्हणे. मग म्हणाल्या, "ही एकदाच वाजवायची. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री मी देणार नाही." वायर जोडून त्यांनी सगळी ओवी कॉम्प्युटरात उतरवून घेतली. पण तो कॉम्प्युटर अंगानं किरकोळ. पंधरा मिनिटांच्या वरचा आवाज एका तुकड्यात ठेवला की मुका व्हायचा. म्हणून तासाभराच्या ओवीचे त्यांनी चार तुकडे केले, ते एकामागोमाग एक सीडीवर लिहिले आणि नवी करकरीत तबकडी माझ्या हातात दिली. मी ती पटक्याच्या टोकात गुंडाळून खोलीवर नेली आणि प्लेअरमध्ये घातली. आवाज नाही. काढली, घातली. नाही. तडक दुकान गाठलं.

"ताई, तुमची सीडी मुकी हाय."

"मशीन कुणावर रुसत नाही, मामा. शेवटचा हात कुणाचा लागला ते सांगा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. झेरॉक्स काळी आली तरी तेच, लाइट गेली तरी तेच. त्यांनी तबकडी उजेडाला तिरकी धरली. "हे पिवळं काय आहे?"

"भंडारा. देवापुढं ठिवली हुती."

"कुठल्या बाजूला लावला?"

"चकचकीत बाजूला. देवाला पाठ दाखवू व्हय?"

मागे उभा असलेला कामगार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. ताई हसल्या नाहीत. मऊ फडक्यानं मधून बाहेर, मधून बाहेर असं पुसत राहिल्या. "भंडारा कपाळाला लावतात, मामा. ह्याचं कपाळ कुठल्या बाजूला आहे ते अजून मला सापडलेलं नाही. तेव्हा ह्याला नको."

पुसून त्यांनी ती तिथंच लावली आणि दादाचा आवाज पत्र्याच्या गाळ्यात भरला. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं होतं. असा पंधरा मिनिटं उभा राहिलो आणि एकदम आवाज तुटला. नुसतं सुनं. मग पुन्हा सुरू. "थांबा!" मी ओरडलो. तो शब्द त्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असेल.

"काय झालं?"

"मधी भगदाड पडलंय."

"दोन सेकंद शांत आहे फक्त. सगळ्याच सीडीत असतं. एक गाणं संपलं की माणूस जरा श्वास घेतो, बरं असतं ते."

"हे गाणं न्हाई, ओवी हाय. हितं श्वास घेतला म्हंजी झेल पडला."

"मामा, दोन सेकंद आहेत."

"दोन सेकंदात मेंढरू हिरीत जातंय, ताई."

त्या दिवसापासून आमचं जुंपलं. त्यांची एक खोड होती, ती मला तेव्हा कळली. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलून बघायचं. फरक पडला नाही तर ती आधी पहिल्यासारखी करून ठेवायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. हा नियम कॉम्प्युटरपुरता नव्हता. समोरच्या टपरीचा चहा एकदा फार गोड आणि फार तिखट आला, तर टपरीवाल्याला म्हणाल्या, "आज साखर कमी करा. आल्याचं उद्या बघू." तो बिचारा म्हणाला, "आवं दोनी आजच कमी करतो की." तर म्हणतात, "मग कशानं नीट झाला ते कळणार कसं?" मला वाटलं, ही बाई जेवताना तरी भाजी-भाकरी एकत्र खात असेल का?

त्यांनी पहिल्यांदा लिहिण्याचा वेग कमी केला. भगदाड तसंच. मग मधेच एक सीडी धड निघेना. सीडी लिहिली जात असताना पडदा आपोआप काळा झाला आणि त्यावर रंगीत रेघा फिरायला लागल्या. ताई पाठमोऱ्या होत्या. मला वाटलं यंत्राला झोप लागली, म्हणून मी प्रेमानं चार बटणं दाबली. सीडी गेली. "शेवटचा हात कुणाचा?" ताईंनी न वळताच विचारलं. मी पत्र्यावरच्या पालीकडं बघितलं, पण पालीवर कुणी विश्वास ठेवला नसता. तेव्हा ताईंनी ते रंगीत रेघांचं प्रकरण कायमचं बंद केलं आणि मला बसायला टेबलापासून लांब एक स्टूल दिलं. पुढचे सगळे दिवस मी त्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. कामगार यायचे आणि विचारायचे, "मामा, हात सुजल्यात काय?"

वाया गेलेल्या तबकड्या ताई टाकू देत नसत. गावाकडं जाणाऱ्या माणसाबरोबर मी त्या पाठवल्या आणि आमच्या ज्वारीत दोऱ्यानं टांगल्या गेल्या. पाखरं दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी त्यात तोंड बघत बसली म्हणे.

तिकडून निरोप येत होते, आणि ते काही बरे नव्हते. दादा आता पेजही चमच्यानं घेतोय. दादा टेपकडं बोट करायचा तेही कमी झालंय. ते ऐकून ताईंनी एक दिवस आदली सीडी माझ्यासमोर ठेवली. "मामा, ही घेऊन जा. भाऊ वाट बघतोय तिकडं. नीट झालेली मी मागून पाठवते."

"दादाला तुटका झेल ऐकवू?"

"तो झेल ऐकणार आहे का आवाज ऐकणार आहे?"

"तुमास्नी न्हाई कळायचं ते."

"नाही कळत. पण तुम्ही इथं स्टुलावर बसून राहिलात आणि तिकडं काही झालं, तर ते मात्र दोघांनाही कळेल."

असं तोंडावर बोलायच्या त्या. मी रागानं उठलो, वहाणा घातल्या, रस्ता ओलांडला आणि टपरीवर जाऊन बसलो. गावाकडं जाणारी एसटी माझ्यासमोरून गेली. उठलो नाही. दादाला ओवीची काळजी होती, का मला माझ्या झेलाची? हे कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी त्याला चहाच्या कपासकट हाकलला असता. दुसरा चहा संपला तसा परत जाऊन स्टुलावर बसलो. ताई पुढची कोरी तबकडी काढत होत्या.

पडद्यावर एक चौकट उघडायची. सगळं इंग्रजीत, ताई मला वाचून दाखवायच्या. एका ठिकाणी होतं, दोन गाण्यांच्या मध्ये किती सेकंद थांबायचं. तिथं दोनचा आकडा होता. ताईंनी त्याचं शून्य केलं आणि सीडी लिहिली. भगदाड जागच्या जागी. नियमाप्रमाणं शून्याचं पुन्हा दोन केलं. मग दुसऱ्या ठिकाणी होतं, गाणी एकेक करून लिहायची का सगळी सीडी एका दमात लिहायची. तिथं एका दमात असं केलं. भगदाड हललं नाही. ते पुन्हा एकेक करून ठेवलं. ताईंनी डोकं धरलं. मेढ्याकडचं त्यांचं माहेर, डोंगरातली माणसं, सहजासहजी हार न मानणारी. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मशीनकडं वाकड्या नजरेनं बघितलं.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी स्टुलावरून त्यांना झेल समजावायला लागलो. खरं सांगायचं तर समजावत नव्हतो, कावलो होतो. "आवं, ह्यात अवघड काय हाय? ओवी टाकणाऱ्यानं तोंड मिटायच्या आदी झेलणाऱ्यानं तोंड उगडायचं. एकानं सोडलं आन् मग दुसऱ्यानं धरलं, असं केलं तर पडलंच ते. दोगांनी एकदम धरायला पायजे."

ताई एकदम माझ्याकडं वळल्या. "म्हणजे कोरस."

"काय?"

"माझ्या वडिलांची गायन पार्टी होती. जयंतीला गावोगाव जायचे. मी कोरसला असायची. वडिलांची ओळ संपायच्या आधी आम्ही श्वास भरून तयार." त्यांनी कपाळावर हात मारला. "मग सरळ कोरस म्हणायचं ना मामा! एवढे दिवस मेंढरं काय, हिरी काय."

आणि त्या चौकटीकडं वळल्या. हात पुढं करायच्या आणि मागं घ्यायच्या. आयुष्यभराचा नियम मोडताना माणसाला होतं तसं त्यांना होत होतं. मग दोनाचं शून्य केलं आणि ते तसंच ठेवून, पुन्हा दोन न करता, दुसऱ्या ठिकाणी एका दमात केलं. दोन्ही एकदम. तबकडी आत गेली. "थांबा," त्या हळूच म्हणाल्या. मी तर आधीच थांबलेलो.

सीडी बाहेर आली, परत आत गेली. आम्ही पंधरा मिनिटं एकमेकांकडं न बघता बसलो. पहिला सांधा आला आणि गेला, आणि तो कुठं गेला ते मला कळलं नाही. दादानं सोडायच्या आत मी धरलं होतं. मी उठलो. ताई म्हणाल्या, "पूर्ण ऐकून जा. मी पूर्ण ऐकल्याशिवाय कुणाला देत नाही." पण मला एसटी गाठायची होती. मी ती जवळपास त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

त्यानंतर आजतागायत मी सगळ्या तालुक्याला सांगतो की कुपवाडचा बिघडलेला कॉम्प्युटर मी दुरुस्त केला. ताईंच्या कानावर ते गेलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या अकलेमुळं नाही झालं मामा, तुमच्या कटकटीमुळं झालं." पुढच्याच वर्षी त्यांचे यजमान कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि ते कुटुंब पुण्याकडं गेलं. निरोप घ्यायला गेलो तेव्हा त्या सामान बांधत होत्या, आणि एका वेळी एकच खोकं. त्या गाळ्यात आता टायरवाला बसतो. तिथून जाताना माझा पाय अजून वहाणेतून निघू बघतो. बोअरची मोटार बंद पडली की माझी नातवंडं फ्यूज, वायर, स्टार्टर सगळं एकदम उपसतात, आणि मी पंजा वर करून म्हणतो, थांबा. कुणी थांबत नाही. त्याला तो पंजा ताईंचाच लागतो.

पण मी सांगत होतो त्या दिवसाचं. गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वहिनीनं दादाला भिंतीला टेकून बसवलं, पाठीशी उशी दिली. मी प्लेअर लावला. स्वतःचा आवाज आला तसे दादानं डोळे मिटले. त्याचा डावा हात मांडीवर हळूहळू ठेका धरायला लागला. पहिला सांधा गेला. मी वहिनीकडं असं बघितलं, जणू तो सांधा मी घरी शिवला होता. मग अर्धी ओवी झाली आणि कॅसेट उलटायची जागा आली.

जत्रेत गाताना टेप माझ्याच मांडीवर होता. एक बाजू संपत आली की झेलाचा शेवटचा सूर मी लांब ओढायचा, तो ओढता ओढता कॅसेट उलटी घालायची आणि नव्या बाजूवर तोच सूर पुढं न्यायचा, असा माझा बेत होता. तो पार पडला असंच मी सगळ्यांना सांगत आलो होतो. आता जुन्या बाजूचा सूर आणि नव्या बाजूचा सूर एकमेकांना चिकटून आले, आणि कळलं की कॅसेटशी झटापट करता करता मी सूर सोडून भलतीकडंच गेलो होतो. आधी माणूस गात होता आणि पुढं रेडकू हंबरत होतं. मध्ये दोन सेकंद शांत होते तोवर कान मागचा सूर विसरायचा आणि माझी अब्रू झाकलेली राहायची. ते पांघरूण मीच भांडून काढायला लावलं होतं.

दादानं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. तोंडाची डावी बाजू थरथरली, आणि मला वाटलं दुसरा झटका आला. "दादा!" मी ओरडलो. पण दादा हसत होता. अर्ध्या तोंडानं, घशातून आवाज काढत, डाव्या हातानं माझ्या मांडीवर थापा मारत हसत होता. पडल्यापासून तो एकदाही हसला नव्हता. वहिनी चुलीपासून पळत आली, त्याच्याकडं बघून रडायला लागली, मग तीही हसायला लागली. दादानं प्लेअरकडं बोट केलं. परत. परत लावली. त्याच जागी परत हसला. दादा होता तोवर ती सीडी घरात रोज वाजली, आणि बहुतेक वेळा त्या जागेपर्यंतच वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी कुपवाड गाठलं. ताईंनी शटर अर्धंच उचललं होतं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं दादा गेला. मी झालं ते सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमास्नी ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून. कॅसेट उतरवतानाच ऐकलं होतं."

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही कुणाला बोलू देता का?" त्यांनी शटर पुरतं वर ढकललं. "द्या इकडं. तेवढा सूर कापून देते, कुणाला कळणार नाही."

"कापू नका," मी म्हणालो. "दादा तितंच हसतोय. हाय तशीच आणिक एक काढा. ही झिजली तर पंचाईत नको."

सीडी झिजत नसते, हे त्यांनी मला सांगितलं नाही. कोरी तबकडी काढली आणि आत घातली. मी बाहेर पायरीवर बसलो आणि ती निघेपर्यंत हळू आवाजात तो सूर लावून बघत राहिलो. किती वेळा लावला, पण जत्रेत चुकला होता तसा काही चुकेना.